शेवट सांगणार नाही

मला एखादं पुस्तक आवडलं की मी दिसेल त्याला वाच म्हणून सांगते, आणि सांगता सांगता अख्खी गोष्टच सांगून टाकते. आई म्हणते, "तुझ्याकडून ऐकलं की वाचायचं काम वाचतं." माझ्या सगळ्यात लाडक्या कादंबरीचं असंच झालं. कितीतरी जणांना सुचवली, सगळ्यांना शेवट माहितीये, वाचली एकानेही नाही.

म्हणून या वेळी ठरवलं, गोष्टीतलं एक अक्षर सांगायचं नाही. हाटकेशला आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी काशीगावची एक मैत्रीण बसते. डबा खाताना तीच कादंबरी तिच्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हटलं, "वाच."

"काय हाय यात?"

"वाच ना."

"तू आन् गप्प? बरं न्हाय का तुला?"

मी पोळीभाजी तोंडात कोंबली. नंतर आठवडाभर तिने पुस्तकाचा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही, पण मला राहवत नव्हतं.

रविवारी दुपारी तिचाच फोन आला. "अगं, तो म्हातारा परत येतो का न्हाय? तेवढं सांग, मग मी कामाला लागते."

शेवट अगदी जिभेवर आला होता. "नाही सांगणार," मी म्हटलं.

"दुष्ट हायेस."

"किती पानं राहिलीत?"

"थोडीच."

"मग वाच. कामं होतील नंतर."

तिने फोन ठेवला. मी माझा फोन बंद करून सरळ आईकडे दिला, कारण माझी बोटं तोंडापेक्षा फास्ट चालतात.