वैजूला दुसऱ्यांदा देताना

१४ मार्च १९८९, मंगळवार. सकाळी नळाला पाणी आलं नाही. उडदाची डाळ उन्हात घातली. दुपारी जीवराम दिल्लीहून परतला. वैजूचं दत्तकविधान पुन्हा करावं लागेल म्हणतो. कमल जेवली नाही.

कमल आणि जीवराम जळगावात आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. जीवराम डाळ मिलमध्ये कामाला होता. कमल धुळ्याकडच्या खेड्यातली. उन्हाळ्यात लोकांचे पापड लाटून द्यायची, पापड नसले की अंगण झाडायची. तिला रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चार मुली होत्या. धाकटी वैजू, तिला तिसरं लागलं होतं.

वैजूला प्रमिलाला द्यायचं हे कमलनेच ठरवलेलं. प्रमिला तिची मोठी नणंद, कॅनडात राहणारी. तिला मूल नव्हतं. कमलच्या तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला विषमज्वर झाला, तेव्हा सुट्टीवर आलेली प्रमिला परतायचं पुढे ढकलून राहिली आणि ते तान्हं बाळ तिनेच वाढवलं. अंथरुणातून उठल्यावर कमल म्हणाली, "ताई, पुढचं लेकरू तुमचं." कोणी तिला भरीला घातलं नव्हतं. पुढे वैजू झाली आणि कमलने शब्द फिरवला नाही. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून कॅनडातले इंग्रजी कागद माझ्याकडे वाचायला येत. मी एकेक ओळ मराठीत सांगायची आणि ती म्हणायची, "कळलं माई. सही कुठे करू?"

पहिलं दत्तकविधान नोव्हेंबरात धुळ्याला झालं, जीवरामच्या थोरल्या भावाच्या घरी. मीही गेले होते. प्रमिला आणि तिचा नवरा मोतीलाल आलेले, भटजी आलेले, मोतीलालचं परतीचं विमान तोंडावर, आणि नेमकी त्याच पहाटे कमल विटाळशी झाली. त्या घरात चार दिवस कडक पाळत. तिला मागच्या पडवीत बसवलं. मग पाटावर जीवरामशेजारी कोण? थोरली जाऊ मंदाबाई बसली. तिनेच वैजूला उचलून प्रमिलाच्या ओटीत घातलं. फोटो निघाले, पेढे वाटले. मी पडवीत डोकावले तेव्हा कमल गोधडीला टाके घालत होती. घातलेले उसवायची, परत घालायची.

मोतीलाल कॅनडाला गेला. प्रमिला व्हिसासाठी धुळ्यालाच थांबली आणि वैजू तिच्याजवळ राहिली. तो हिवाळा कमलने कसा काढला ते मी पाहिलं. जीवराम धुळ्याला निघाला की ती फ्रॉक पाठवायची, तो परत आला की एक शब्द विचारायची नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. भाजी चिरता चिरता उठून फाटकाशी जायची आणि विळी तशीच मोकळी पडलेली असायची.

मार्चमध्ये जीवराम आणि प्रमिला व्हिसासाठी दिल्लीला, कॅनडाच्या वकिलातीत गेले. तिथल्या साहेबाने फोटो पाहून विचारलं, "मूल देणारी ही बाई कोण?" जीवराम खरं बोलला, "माझी वहिनी." "मग मुलीची आई कुठे आहे?" ती विटाळशी होती, मागच्या पडवीत होती, हे प्रमिलानेच सांगितलं. साहेब म्हणाला, कागदावर आईची सही आहे, पण फोटोत आई नाही. तिने स्वतः मूल दिलं हे दिसायला हवं. दत्तकपत्र करणारे वकीलही म्हणाले, विधी पुन्हा करा, आईच्या हातून.

जीवराम परतला त्या संध्याकाळी कमल माझ्याकडे आली. बस म्हटलं तर बसेना, आणि बोलायला लागली ती तिच्या अहिराणीत.

"माई, घरात इतली माणसं व्हतीत. आई कोठे शे, हे त्या दिल्लीवालानीच इचारं."

"बरं, मग?"

"मग मी दिधीच नही तिले. जाऊबाईनी दिधी."

"सही तुझी आहे, कमल."

"सही केली. हातानं दिली नाही." माझ्या पलंगावरची चादर तिने घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. "मी नाही म्हटलं तर?"

"तर व्हिसा मिळणार नाही. वैजू इथेच राहील."

हे ऐकून ती शांत होईल असं मला वाटलं होतं. उलट तिची घालमेल वाढली. सकाळी म्हणायची, शब्द दिलाय, पाळते. संध्याकाळी म्हणायची, माझी पोर आणा. जीवराम वैतागून म्हणाला, "माई, तुम्हीच विचारा हिला. मिलचा भोंगा तरी वेळेवर वाजतो, हिचं काही कळत नाही!"

पाडव्यानंतरच्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत पाट मांडले. मोतीलाल पुन्हा सुट्टी काढून आला होता. मंदाबाई आल्या आल्या फणकारली, "मना हातले काय काटा व्हतात का? एकच पोर दोनदा द्यायची, हे मी पहिल्यांदाच पाहते!"

भटजी म्हणाले, "आईने मुलीला मांडीवर घ्यावं."

वैजू जाईना. तिने प्रमिलाचा गुडघा मिठीत धरला. "मला आईकडेच राहायचंय."

कमल पाटावर बसलेली, मांडी रिकामी. आता ही उठून जाणार असं मला वाटलं. प्रमिलाच रडू लागली, "वहिनी, राहू द्या. नको हे. तुमची तुमच्याकडेच ठेवा."

"गप बसा ताई," कमल म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माई, तुमची फणी द्या."

मी फणी दिली. ती म्हणाली, "वैजू, या शेंड्या कोणी घातल्या गं? एक कानावर, एक डोक्यावर."

"बसते का ती एका जागी!" मंदाबाई म्हणाली आणि सगळे हसले. वैजूने डोक्याला हात लावून पाहिला. कडेकडेने आली आणि पाठ करून कमलच्या मांडीत बसली.

कमलने रिबिनी सोडल्या. भांग पाडला. तिचे हात इतके सावकाश चाललेले मी कधी पाहिले नव्हते. एक शेंडी झाली, दुसरी झाली. दुसरी तिने सोडली आणि परत घातली.

"बाई, मुहूर्त टळेल," भटजी म्हणाले.

"रिबीन राहिली."

रिबीन बांधून झाली. तिने पोरीच्या मानेवरचे केस फुंकरीने उडवले आणि म्हणाली, "ताई, पदर पसरा." वैजूला दोन्ही हातांनी उचललं आणि प्रमिलाच्या ओटीत घातलं. कॅमेऱ्याचा लखकन उजेड पडला. कमलने फोटोवाल्याला विचारलं, "मी आले ना त्यात? नीट पाहा भाऊ. तिसऱ्यांदा माझ्याकडून व्हायचं नाही."

दुपारच्या एस.टी.ने सगळे धुळ्याला गेले, वैजूही. कमल अंगण झाडायला लागली ती अंधारून दिसेनासं होईपर्यंत झाडतच राहिली. मी वही काढली.

९ एप्रिल, रविवार. वैजूला दिलं. पाट धुऊन उभे केले. फणी कमलकडेच राहिली. उद्या फुले मार्केटमधून दुसरी आणणे.