मनी गेल्यावर अमृतसर

नाशिकहून मनमाडला जाणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. बस सुटताच त्यांनी खिडकीची काच पूर्ण सरकवली आणि वाऱ्याकडे तोंड केलं. मनमाडला त्यांना अमृतसरची गाडी धरायची होती, एकटीनेच.

"आमची मनी मांजर होती, तोवर मी कुठे मुक्कामाला गेलेच नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही ती," त्या म्हणाल्या. "दिवाळीत गेली, माझ्या मांडीवरच."

बोलताना त्यांचा हात मांडीवरच्या पिशवीवरून हळूहळू फिरत होता.

"मुलगा म्हणाला, दुसरं पिल्लू आणतो. मी म्हटलं, नको, मला कन्याकुमारीचं तिकीट काढून दे."

तिथे समुद्रात उभं राहून त्या मनसोक्त रडल्या, आणि मग पोटभर इडल्या खाल्ल्या.

"आता करमत नाही म्हणून फिरत नाही हो मी. मजा येते म्हणून फिरते."

स्टेशनवर मी त्यांची बॅग घ्यायला गेलो, तर त्यांनी ती स्वतःच खांद्याला लावली. दांडी धरून त्या डब्यात चढल्या. गाडी हलली, तेव्हा पदर खोचून दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईंनी हात उंच केला, आणि कुस्ती मारलेल्या पैलवानाला करावा तसा मीही प्लॅटफॉर्मवरून त्यांना हात केला.