फाइलकाकांचा शेवटचा शेरा

करोल बागेतल्या आमच्या शेजारच्या फाइलकाकांना ‘लिहून दे’ म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नसे. त्यांच्या घरात निघालेली पाल आधी लेखी खुलासा देई, मगच तिच्यावर झाडू उगारला जाई, अशी वदंता होती. वदंता अर्थात मीच पसरवली होती. पण केंद्र सरकारात उभी हयात गेलेल्या माणसाबद्दल लोकांना ती खरी वाटे.

करोनाचा विषाणू आला कुठून, या वादाचीही त्यांनी फाइल उघडली होती. दर रविवारी त्यांच्याकडे चहाला माझ्या बाबांची आणि त्यांचे मित्र कर्णिककाका यांची जुंपे. बाबांच्या मते तो बाजारातल्या जनावरांतून आला, कर्णिकांच्या मते प्रयोगशाळेतून सुटला. आवाज असे चढत की तिकडे पानिपतवाले चौथ्या लढाईसाठी खंदक खणायला घेत. फाइलकाका दोघांची कात्रणं फाइलच्या टॅगच्या दोरीत ओवत म्हणत, “फाइल जाड झाली, पुरावा नाही.”

मी मात्र त्या वादावर जपून हसे. कर्णिकांच्या पत्नी, सुमनकाकू, दुसऱ्या लाटेत गेल्या होत्या.

एका रविवारी कर्णिक चहा न घेता उभेच राहिले.

“बहुत हो गया यार. आज निकाल लिही. लॅब की बाजार? नाहीतर या घरात माझं येणं संपलं.”

“अरे, बस तरी,” बाबा म्हणाले.

“तू गप. तुझी बायको घरी वाट बघतेय.”

फाइलकाकांनी पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ लिहिलं, मग वाचलं, “‘उगम: उपलब्ध कागदांवरून ठरत नाही.’”

कर्णिक दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

“थांब. पुढे आहे.” काका पुढे वाचू लागले. “‘वहिनींना बेड हवा म्हणून कर्णिकचा फोन आला. ओळखीच्या अधिकाऱ्याला लगेच फोन लावायचा सोडून मी सवयीनं म्हणालो, लिहून पाठव. त्यात दीड तास गेला. चूक माझी. पुरावा: मी स्वतः.’”

कर्णिक एका पायात चप्पल घालून तसेच उभे.

“मला वाटलं, तू विसरलास,” ते म्हणाले.

मग परत आले. काकांच्या हातातलं पेन घेतलं, शेऱ्याखाली सरकारी रिवाजानं ‘पाहिले’ लिहून सही केली आणि खुर्चीत बसले. माफ केलं, असं त्यांनी लिहिलं नाही. काकांनी मागितलंही नव्हतं.

“चहा गार झाला,” कर्णिक म्हणाले. काका उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गेल्या थंडीत फाइलकाका गेले. फाइल माझ्याकडे आली. त्यांच्या गोष्टी सांगताना मी पाल वाढवतो, पानिपत वाढवतो. त्या पानात मात्र अजून एकही काना घातलेला नाही.