मासिक निवडलं मी, भोगलं रोझीनं

रोझी पुढचे दोन्ही पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. लगाम ओढला तरी पाऊल उचलेना. मी तिच्या खुराला हात लावला. खूर चांगलाच तापलेला होता.

"काय झालंय, डॉक्टर?" अँटन मास्तरांनी विचारलं.

"लॅमिनायटिस."

घोड्याच्या खुरात हाड असतं. खुराच्या कवचाला ते एका नाजूक थराने चिकटलेलं असतं. थर सुजला की हाड सुटून खाली सरकतं. इतकं मी मास्तरांना सांगितलं. हाड सरकलं तर घोडी उभी राहत नाही आणि मग डॉक्टरकडे शेवटचं एकच इंजेक्शन उरतं, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वसईच्या सरकारी पशुदवाखान्यात नोकरीला होतो. मास्तर जवळच्या उमेळे गावचे, निवृत्त शिक्षक. रेसमधून काढलेली ही घोडी त्यांनी हौसेनं आणली होती. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला ते तिच्यावर बसून जात.

"खायला काय देता?"

"मासिकात लिहिलंय तेच. दाण्याची चंदी दुप्पट केली. ओट्स मिळाले नाहीत, म्हणून भिजवलेला हरभरा."

"कुठलं मासिक?"

"तुम्ही सांगितलेलं. दुसरं कुठलं?"

त्यांनी अंक आणला. जाड, गुळगुळीत, विलायती. मी तो लगेच ओळखला. काही महिन्यांपूर्वी मास्तर दोन मासिकं घेऊन दवाखान्यात आले होते. एक हे आणि दुसरं पुण्याहून निघणारं, खरखरीत कागदाचं. मोतीबिंदूमुळे दोन्ही वाचणं होत नाही, कोणतं ठेवू, असं त्यांनी विचारलं होतं. मी फोटो चाळले आणि विलायती त्यांच्या हातात दिलं. लेख एकही वाचला नाही. पुण्याचं तर उघडलंच नाही.

आता मात्र गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं. चौकटीत ठळक अक्षरांत होतं: अंग उतरलं असेल तर चंदी दुप्पट करा. खाली बारीक अक्षरांत होतं की हा सल्ला बर्फात उघड्यावर राहणाऱ्या, रोज कष्टाचं काम करणाऱ्या घोड्यांसाठी आहे. मास्तरांना चौकट तेवढी दिसत होती. अंक बोटीने यायचा, त्यामुळे जानेवारीचा सल्ला रोझीला एप्रिलमध्ये मिळाला होता. शेजारच्या पानावर चंदी विकणाऱ्या कंपनीची जाहिरात होती.

"चंदी बंद. फक्त सुकं गवत द्या," मी दुखणं कमी करणारं इंजेक्शन भरत म्हणालो. "आणि पाय गार पाण्यात ठेवायला हवेत."

"एवढा बर्फ आणू कुठून?"

"बर्फ कशाला? मागे बावखल आहे की," मास्तरांच्या पत्नी मेरीबाई म्हणाल्या. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वीस पावलांवर होतं. रोझीला तिथवर न्यायला अर्धा तास लागला.

पुढचे तीन दिवस माझं दवाखान्यात लक्ष नव्हतं. दुपारी सायकल काढून उमेळे गाठायचो. मेरीबाई दारातच विचारायच्या, "जगेल ना हो?" मी "बघू" म्हणायचो. तेवढंच खरं होतं.

चौथ्या दिवशी रोझीने पाण्यात आपणहून पाय बदलला. एक उचलला, टेकला, मग दुसरा. मी काठावर बसलो आणि तिथेच सांगून टाकलं.

"मास्तर, ते मासिक मी न वाचताच सुचवलं होतं."

मास्तर म्हणाले, "मी जन्मभर पोरांना सांगत आलो, धडा न वाचता उत्तर लिहू नका. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"अंक बंद करायला सांगू?"

"नको. पुण्याचंही पुन्हा सुरू करतो, दोन्ही येतील. पण आता दवाखान्याच्या पत्त्यावर. तुम्ही वाचायचे आणि आपल्या हवेत काय चालेल तेवढं मला येऊन सांगायचं."

रोझी वाचली. दौडणं मात्र तिचं कायमचं सुटलं. मास्तर मिस्साला तिचा लगाम धरून चालत जाऊ लागले. ते पाहिलं की माझी मान आपोआप खाली जायची.

दर महिन्याला मी अंक घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर व्हायचो. मास्तर प्रश्न विचारायचे. लेख कुठल्या देशातला? लिहिणाऱ्याने घोडा पाळलाय का? शेजारी जाहिरात कशाची? पहिल्या वर्षी मी दोनदा नापास झालो. हल्ली कुणी मासिक सुचवा म्हटलं, की मी आधी एक अंक मागून घेतो आणि आठवडाभराने उत्तर देतो. लोकांना वाटतं, डॉक्टर म्हातारा झाला.