टिटोच्या पेटीतला तूस

फसवलं मी. फसली ती शेजारची रोझाबाय. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी तेरेखोल नदीपलीकडून गोव्यात, पेडण्याला आलो तो हातात रंधा घेऊन. स्वतःचं सुतारकामाचं दुकान उभं केलं. मग कोकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन पेटलं. मी मराठीच्या बाजूने तावातावाने बोलायचो. एक दिवस पाववाल्यासमोर रोझाबाय हसत म्हणाली, "तूं भायलो रे. तुका कित्याक जाय हांगाची भास?" चार माणसं हसली. मी बाहेरचा, मला कशाला हवी इथली भाषा! ती संध्याकाळपर्यंत विसरली असेल. मी विसरलो नाही — तुम्ही विसरला असता?

रोझाबाय विधवा, मुलं परदेशी. नवऱ्याबरोबर आफ्रिकेत होती, तिथून तिने एक कासव आणलं होतं. टिटो. दिवसभर ती त्याच्याशीच बोलायची. घरात ठेवलं की ते रात्रभर दार खरवडायचं, म्हणून अंगणातच असायचं. पण आमच्याकडची थंडीही त्याला सोसत नसे. गोवा राज्य झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली. टिटोला उबदार पेटी हवी होती.

मी घासाघिशीला तयार बसलो होतो. तिने केलीच नाही. मी सांगितलं — दुहेरी फळ्या, मध्ये भाताचा तूस ठासून भरतो, वर बल्ब. वीज गेली तरी तूस सकाळपर्यंत ऊब धरून ठेवील. ती विश्वासाने मान हलवत होती.

पेटी देखणी केली. फणसाचं लाकूड, वर कौलांचं छप्पर. तूस मात्र — तूस भरलाच नाही. गिरणीत फुकट मिळायचा, पोतंभर आणून दुकानात ठेवलाही होता. फळ्या ठोकताना ते हसणं आठवलं आणि मी पोकळीवर खिळे मारले. बाहेरून कोणाला दिसणार होतं?

पौषात वीज रोज रात्री जाऊ लागली. टिटोचं नाक वाहू लागलं, मग त्याने पाला सोडला. मला कळत होतं. एक फळी उचकटून तूस भरायला कितीसा वेळ? पण मग कबूल करावं लागलं असतं. मी दुकानात रंधा मारत राहिलो.

टिटो मेला. खड्डा मीच खणला. ती जनेलाच्या गजांमागून बघत उभी होती. म्हणाली, "पेटी तुजी बरी रे. हांवेंच ताका घरांत हाडूंक ना."

पेटी चांगलीच, त्याला घरात न आणल्याचा दोष तिचा! मी फावडं धुतलं आणि घरी आलो.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. अंगणात तिचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. दोन घरांमध्ये एक दगडी गडगा, तोही कमरेएवढा. एक वाक्य पलीकडे टाकायचं होतं. तिने मरेपर्यंत दोष स्वतःवर घेतला. आता ते घर बंद आहे. तिच्या त्या वर्षांचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा — आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे मागू नका.