वाशीमचा लाकडी कॅमेरा

कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला की भर उन्हातसुद्धा माझ्या अंगावर काटा उभा राहतो. लुगड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून घातलेला तो पाला, त्याचा कोरडा, कडवट, किंचित औषधी दरवळ, आणि त्यात मिसळलेला कुठल्याशा अंधाऱ्या खोलीतल्या रसायनांचा आंबूस वास! वयाबरोबर कितीतरी सुगंधांनी माझी साथ सोडली. जाई गेली, केवडा गेला. हा एक वास तेवढा एकनिष्ठ राहिला.

परवा जऊळक्याला सुमनकडे गेले होते. सुमन माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. तिच्या मुलाला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. त्यानं विचारलं, "मावशीआजी, जगाच्या इतिहासातला कुठलाही एक कॅमेरा तुला मिळाला, तर कोणता घेशील?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच यादी म्हणू लागला. माणसानं काढलेलं पहिलंवहिलं छायाचित्र ज्या पेटीत उमटलं ती पेटी, रणांगणावर खिशातून नेलेला कॅमेरा, चंद्रावर नेलेला कॅमेरा... चंद्र! जिला वाशीमच्या स्टेशनाचा जिना चढताना धाप लागते, तिला हा चंद्रावर पोचवायला निघाला! मी म्हटलं, मला आपला वाशीमचा लाकडी कॅमेरा दे. तो हसला. तो कॅमेरा कुठल्या इतिहासात आहे, असं त्याला वाटलं असावं. पण ज्या घरात उभ्या आयुष्याचा एकच फोटो असतो, त्या घराचा इतिहास दुसरा कुठे असणार?

त्याला जे सांगितलं नाही, ते तुम्हांला सांगते. एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिली काही वर्षं. द्वारकाताई, म्हणजे सुमनची आई, तापानं गेली, तेव्हा बाविशीची होती आणि सुमन तीन वर्षांची. ताईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला निमित्त लागायचं, आणि ताईच्या आयुष्यात तसं निमित्त मरणाआधी आलंच नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आईनं धोसरा लावला, पोरीनं मोठेपणी आईचं तोंड कुठं पाहावं? वाशीमच्या फोटोवाल्यानं त्यावर सहज तोडगा काढला. त्या काळी असे फोटो निघत, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

"बहीण हाये ना तिची? मंग झालं! नाक-डोये एकाच साच्यातले असतेत. कपायावरचं गोंदण मी काढतो पेन्सिलनं."

ती बहीण मी. अठरा वर्षांची, बिनलग्नाची. आईनं पेटी उघडून ताईचं लुगडं मला नेसवलं, ताईचं डोरलं माझ्या गळ्यात बांधलं आणि लगेच माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. काचेच्या छपरातून उजेडाचा पांढराफटक झोत खाली उतरत होता. समोर तिपाईवर तो कॅमेरा होता, शिसवी, पितळी कोपऱ्यांचा, पुढे एकच वाटोळा डोळा असलेला. मागे काळं कापड, आणि कापडाखाली शिरलेला फोटोवाला. त्याचे पाय तेवढे दिसत होते. माणूस नाहीसा होऊन पेटीलाच पाय फुटावेत, तसं ते दृश्य होतं!

"मान अशी नोको ठेवू," आई म्हणाली. "तिची मान जराशी वाकडी राहे." मी मान वाकडी केली. मग तिनं माझा हात उचलून मांडीवर ठेवला, ओठ मिटायला लावले, नजर खाली करायला लावली. एकेक करून माझं सगळं काढून घेतलं जात होतं, आणि रागावण्याचीही सोय नव्हती, कारण आईच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी समाधान दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "आता बस, द्वारके." आणि मी हो म्हणाले. ते हो कोण म्हणालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

फोटोवाल्यानं बजावलं, "फोटोची काच एकच उरली हाये. हालू नका बाई. हाललं का तोंड पुसल्या जाते." त्यानं डोळ्यावरचं झाकण काढलं आणि मोजू लागला. त्याच क्षणी ओसरीवर भाऊजींच्या हातातून सुटून सुमन दारात आली. त्या लुगड्याकडे, त्या वाकड्या मानेकडे तिनं पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "माय!"

मी हलले नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. माझं काळीज फाटत होतं आणि चेहरा शांत होता. झाकण बसलं, तेव्हा भाऊजींनी तिला उचलून बाहेर नेलं होतं. मी घाईघाईनं लुगडं बदलून पुन्हा मावशी होऊन बाहेर आले, तर तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

फोटो सुरेख आला. जऊळक्याच्या भिंतीवर तो लागला, त्याला हार चढला. स्वतःच्या चेहऱ्याला चंदनाचा हार घातलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी अनेक वर्षं पाहिला. दर सणाला त्या घरी जायचं आणि मेलेल्या स्वतःला नमस्कार करायचा! पुढे माझ्या लग्नात आईनं फोटो काढू दिला नाही. "एका तोंडाचे दोन फोटो नोको," एवढंच म्हणाली. सुमनला काही सांगायचं नाही, अशी तिनं सगळ्यांना शपथ घातली होती. हळूहळू आईच "द्वारकेचं नाक पाहा" म्हणून फोटोतलं माझं नाक आल्यागेल्याला दाखवू लागली, आणि त्यात तिला काही खोटं वाटेनासं झालं. म्हणून तो कॅमेरा मला हवा आहे. त्या पेटीला आत नेमकं कोण दिसलं, एवढंच मला पाहायचं आहे.

तर परवा, सुमनचा मुलगा कशाला तरी बाहेर गेला. सुमन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साठी उलटलेली बाई. मान वर न करता म्हणाली, "तो कॅमेरा मले बी आठवते, मावशी. मायची तेवढीच एक आठवण हाये माह्यापाशी. माय खुर्चीवर बसली होती, म्या हाक मारली. तिनं पाह्यलंच नाही माह्याकडे." शेंगेतले दाणे काढता काढता तिनं विचारलं, "मी लय वाईट पोरगी होती काय वं?"

एवढी वर्षं ती हा प्रश्न उराशी घेऊन जगली होती! खरं बोलावं, तर तिची एकुलती एक आठवण जात होती. गप्प बसावं, तर तिची आई तिच्याकडे पाठ फिरवून बसलेलीच राहणार होती.

"फोटोवाल्यानं हालू नोको म्हणलं होतं मले," मी म्हणाले. "नाहीतर तुले उचलूनच घेतलं असतं, बाई."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मी तिच्या रडण्याची वाट पाहत होते, रागाची वाट पाहत होते. ती अगदी हळू म्हणाली, "मंग माही माय कशी दिसे?"

मी डोळे मिटून ताईला शोधू लागले. समोर खुर्ची होती, उजेड होता, आणि अठरा वर्षांची मी तिथं बसले होते. हलत नव्हते.