गिळल्यावाचून निवाडा

शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘जीभवाले काका’ म्हणत. पिंपातला रस आंबून मुरला की नाही हे मोजणारी यंत्रे तेथेही होती. तथापि काकांच्या मुखातून अनुज्ञा निघाल्यावाचून तोटी उघडण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांची रीत वडिलांकडून आलेली. सकाळी अनशापोटी प्रत्येक पिंपातली पळीभर धार घ्यायची, जिभेवर घोळवायची आणि गिळायची. थुंकणे हा केलेल्या श्रमांचा अवमान. शिवाय चव जिभेवर उमटली तरी निवाडा गळ्याखालीच होतो, अशी त्यांची निष्ठा होती.

देहाने ती निष्ठा बराच काळ निमूट सोसली. पन्नाशी उलटली आणि छातीखाली आग पडू लागली. दवाखान्यात जठरातला रस नळीने काढून तपासला, तेव्हा त्यात अम्ल कमी भरले. “आतून बघावं लागेल, पुन्हा या,” असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. काकांनी त्यातले ‘कमी’ एवढेच घरी आणले, आणि जेवणापूर्वी पेलाभर शिरका पिण्याचा परिपाठ आरंभला.

“अहो, हे काय नवीन?” पत्नीने विचारले.

“कमी पडतंय ते भरून काढतोय. साधा हिशेब आहे.”

“हिशेब तुमचा, पोटही तुमचंच. जागरण तेवढं माझं!”

थोड्याच दिवसांत शौचास डांबरासारखे काळे झाले, आणि काका पिंपाला टेकून खाली बसले. दवाखान्यात दुर्बीण आत गेली, तेव्हा जठराच्या अस्तरावर लाल चट्टे दिसले. त्यांतून रक्त झिरपत होते.

“काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जठराचं अस्तर स्वतःच अम्ल सोडतं आणि स्वतःच बुळबुळीत थर धरून त्यापासून वाचतं. रिकाम्या पोटी रोजच्या शिरक्यानं तो बचाव मोडला. मग अम्ल उलटं अस्तरातच शिरायला लागलं, म्हणून रसात कमी सापडलं.”

“म्हणजे गळक्या पिंपात मी आणखी ओतत होतो?”

“आणि पिंपही कुरतडत होतात. औषधानं अस्तर भरून येईल. पण यापुढे थेंबसुद्धा गिळायचा नाही. चाखायचं तर थुंका.”

रक्त थांबले, आग निवली. भय मात्र उरलेच. गळ्याखालचा निवाडा थुंकणाऱ्याला यावा कसा? आणि ज्याला तो येत नाही, त्याला कारखान्याने ठेवावे कशाला?

कामावर परतल्या दिवशी मालक समोर उभे राहिले. “काका, कोपऱ्यातलं पिंप उघडू ना? गिऱ्हाईक खोळंबलंय.”

काकांनी घोट घोळवला. सवयीने गळा वर आला. त्यांनी तो आवरला आणि बादलीत थुंकले. कामगारांनी माना दुसरीकडे वळवल्या.

“कच्चं आहे. मुरू दे अजून.”

“यंत्र तर हो म्हणतंय.”

“मग यंत्रालाच काका म्हणा!”

मालक हसले आणि त्यांनी तोटीला हात लावला नाही.

घरी पत्नीने विचारले, “खरंच कच्चं होतं?”

“ठाऊक नाही. शंका आली. पूर्वी गिळलं की शंका उरत नसे.”

“म्हणजे पूर्वी कधी चुकलाच नाहीत?”

काका म्हणाले, “चुकलो असेन. आत एवढं जळायचं, की दुसरं काही कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच पिंपातली पळी पुन्हा घेतली, पूर्वीपेक्षा अधिक वेळ जिभेवर धरली, आणि थुंकले. शंका फिटली नाही, म्हणून पिंप त्याही दिवशी उघडले नाही.